व्हॅन घर ओळखत नाही

दुपारी बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी धनराज विधाते कामात होता. गोविंदनगरच्या आतल्या गल्लीत कडुनिंबाखाली त्याची शाळेची व्हॅन उभी होती, इंजिन बंद होतं आणि मांडीवर चार उघडे डबे होते. एकात अर्धा पनीर पराठा, दुसऱ्यात जॅमनं भिजलेलं सँडविच, तिसऱ्यात शिरा, चौथ्यात सोयाबीनची भाजी. तिला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. मागून पाचवा डबा पुढे आला.

“काका, लवकर. आज माझी आई घरी आहे.”

“अरे, पोळी तरी खायची होतीस.”

“खाल्ली ना! एक घास खाल्ला.”

धनराजनं पोळीची गुंडाळी करून दोन घासांत संपवली, डबा फडक्यानं पुसला, झाकण लावलं आणि मागे दिला.

मुलांनी या जागेला ‘डबा स्टॉप’ असं नाव दिलं होतं. भरलेला डबा घरी गेला की आई ओरडते, रिकामा गेला की शाबासकी देते, एवढं त्या अकरा मुलांना नीट कळलं होतं. धनराज नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात वाढलेला. अन्न गटारात टाकलेलं त्याला बघवत नसे. पहिल्यांदा एका मुलानं खिडकीतून उपमा टाकला तेव्हा त्यानं त्याला दटावलं आणि उरलेला स्वतः खाल्ला. ती झाली सुरुवात. इंदिरानगरच्या आयांमध्ये मग त्याचं नाव झालं. ‘विधातेकाकांच्या व्हॅनमध्ये मुलं डबा संपवतात,’ असं एकमेकींना सांगितलं जाई आणि नवीन मुलं त्याच्याकडे येत.

पुढच्या सीटवर त्याचा अडीच वर्षांचा केदार बायकोच्या ओढणीनं बांधलेला असे. पाच वर्षांची जाई त्याच शाळेत, त्याच व्हॅनमध्ये. बायको छाया अंबडला स्विच बनवणाऱ्या कारखान्यात पहिल्या पाळीला. छाया सव्वासहाला कंपनीच्या बसनं निघे, म्हणून पोरांच्या अंघोळी, वेण्या, डबे सगळं धनराजकडे. शाळा भरली की सातपूरच्या एका वर्कशॉपचा माल अंबडला पोचवायचा, शाळा सुटली की मुलं घरोघर सोडायची, आपल्या दोघांना भरवायचं, त्यांच्या ताटात राहिलेलं संपवायचं. चारला छाया आली की ट्यूशनची मुलं न्यायची. आठला घरी. यात रिकामी जागा म्हणजे डबा स्टॉपची.

त्या दुपारी डबे संपवून तो निघाला आणि इंदिरानगरच्या बोगद्याच्या रांगेत लागला. गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या. बोगद्यात शिरल्याचं त्याला आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं. डोळे उघडले ते किंचाळीनं. पुढे एक बाई स्कूटर सावरत होती, तिच्या पायांत लहान मुलगा उभा होता आणि व्हॅनचा बंपर स्कूटरच्या मडगार्डला टेकला होता.

“डोळे फुटले का? पोरगं दिसत नाही समोर?”

“सॉरी ताई, ब्रेकवरनं पाय सटकला.”

बाई बडबडत पुढे गेली. धनराजनं आरशात पाहिलं. दहा मुलं भांडत होती, जाई त्यांतच होती. अकरावी त्याच्याकडे बघत होती. ती ऋजुता, तिसरीतली, चष्मेवाली.

“काका, तुमचे डोळे मिटले होते.”

“देवाचं नाव घेत होतो गं.”

ऋजुता हसली नाही.

त्याच आठवड्यात तो घराजवळच्या, राजीवनगरच्या डॉक्टर मीना धात्रक यांच्याकडे गेला. छायाला ओव्हरटाइम होता, त्यामुळे दोन्ही पोरं बरोबर. तो काट्यावर उभा राहिला. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला.

“मुलाला खाली ठेवा आणि परत उभे राहा.”

“खालीच आहे तो,” धनराज म्हणाला. केदार टेबलाखाली होता.

काटा एकशे बारा दाखवत होता.

“घोरता?”

उत्तर जाईनं दिलं. “पप्पा घोरले की शेजारचे काका भिंत वाजवतात. मग मधेच पप्पा गप्प होतात. मग एकदम असं करतात.” तिनं बुडता माणूस श्वास घेतो तसा श्वास घेऊन दाखवला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. गळ्याभोवती चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट मिटते, त्यांनी सांगितलं. श्वास थांबतो, मेंदू दचकून जागं करतो, रात्रभर हेच चालतं. माणसाला वाटतं आपण गाढ झोपलो. झोप झालेलीच नसते, मग ती दिवसा येते, न सांगता येते.

“गाडी चालवताना कधी डोळा लागलाय?”

“नाही,” धनराज म्हणाला.

“शाळेची व्हॅन आहे ना तुमची? झोपेची तपासणी लिहून देते. ती होऊन उपचार सुरू होईपर्यंत गाडीला हात लावू नका. मुलं असताना तर नाहीच. वजन उतरवावं लागेल. रोज अर्धा तास झपझप चाला. खाता काय?”

“दोन वेळा दोन दोन भाकरी. भाजी. बाहेरचं काही नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. डबे त्याला आठवलेच नाहीत. ते खाणं नव्हतं, ते कामात धरलेलं होतं.

घरी येताना त्याला वडील आठवले. सावळीराम विधाते अंगानं थोराड, मळ्यातला भाजीपाला बैलगाडीनं पंचवटीच्या बाजारात न्यायचे. येताना गाडीत आडवे होऊन घोरत यायचे. बैल घर ओळखायचे, बरोबर फाटकाशी उभे राहायचे. सगळा मखमलाबाद त्यावर हसायचा. एक्कावन्नाव्या वर्षी ते झोपेतच गेले. दहाव्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, पुण्यवान माणूस, त्रास नाही झाला. धनराजही वीस वर्षं हेच सांगत आला होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की त्रास झाला असेल. कुणी पाहिला नसेल, एवढंच. आणि मग आलं की वडिलांकडे बैल होते. व्हॅन घर ओळखत नाही.

छायाला त्यानं निम्मंच सांगितलं.

“वजन कमी करा म्हणाल्या.”

“हे मी फुकट सांगत होते की,” छाया म्हणाली. “आणखी काय म्हणाल्या?”

“चाला म्हणाल्या.”

तपासणीची चिठ्ठी त्यानं व्हॅनच्या कागदांत सरकवली. गाडी बंद म्हणजे घर एका पगारावर, असा त्याचा हिशेब होता, आणि तो चूक नव्हता. त्यानं ठरवलं, वजन झटपट उतरवायचं, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही.

प्रश्न अर्ध्या तासाचा होता. नाशिकची निम्मी माणसं पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढतात. त्या वेळी धनराज केदारचं ढुंगण धूत असे. रात्री जेवून निघावं तर जाई ‘मी पण’ म्हणून पायात येई आणि वळणावर तिला कडेवर घ्यावं लागे. शेवटी शाळा सुटण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं सापडली. केदारला खांद्यावर घेऊन तो उभ्या व्हॅनभोवती चकरा मारू लागला.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर सोमनाथ बसलेला असे. त्याची स्वतःची व्हॅन जुनी म्हणून पासिंगला नापास झाली होती. आता तो दुसऱ्यांच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा.

“काय शेठ, प्रदक्षिणा? व्हॅनला नवस बोललास काय?”

“वजन उतरवतोय.”

“कोणाचं, व्हॅनचं? तुझ्याकडे बघून बघून टायर झिजतील.”

छायानं रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक केली, ताटात काकडी आणली. काटा हलेना. “हवा खाता का हो?” तिनं विचारलं. धनराजलाही नवल वाटलं. आणि दुपारी बारा एक्केचाळीसला तो कडुनिंबाखाली डबे पुसत होता. कधी सोडावे असं वाटलंही. पण भरलेले डबे घरी गेले असते तर आयांनी विचारलं असतं, काका, आता काय झालं? त्याला कुठलाच प्रश्न नको होता.

भीती बोगद्याच्या अलीकडे सुरू व्हायची. तो खिडकी उघडी ठेवी, जीभ चावी, मांडीला चिमटे काढी. मांडीवर काळेनिळे डाग पडले. छायानं विचारलं तर तो म्हणाला, माल उतरवताना लागलं. झोप मात्र भीतीला विचारून येत नव्हती. पापण्या जड झाल्या की भीतीसुद्धा दूरची वाटू लागे, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. त्याला सगळ्यांत जास्त धास्ती भीतीच्या या दूर जाण्याची होती.

बोगद्यातल्या प्रसंगानंतर ऋजुता पुढे येऊन बसू लागली. केदारला मांडीवर घेई आणि वळून धनराजकडे बघे.

“काका, सात सक?”

“बेचाळीस.”

“आठ साते?”

“छप्पन्न. शाळेत कमी होतं का तुला?”

“नऊ चोक?”

घरापर्यंत हेच. तो उत्तराला जरा थांबला तर ती जोरात ओरडे, “काका, नऊ चोक!” केदार दचकून रडे. धनराजला आधी वाटलं, पोरीला पाढ्यांचं वेड आहे. मग त्याच्या ध्यानात आलं की ती उत्तर तपासतच नव्हती. एकदा तो ‘आठ नव्वे सत्त्याहत्तर’ म्हणाला, ती काही बोलली नाही. ती डोळे बघत होती. आठ वर्षांच्या मुलीनं त्याच्यावर पहारा ठेवला होता आणि तो तिला तसा ठेवू देत होता. त्याला लाज वाटली, आणि तिच्यामुळे जरा बरंही वाटलं.

एका गुरुवारी ऋजुता आली नाही. ताप होता. डबा स्टॉपला सहा डबे निघाले, त्यांत साबुदाण्याची खिचडी दोघांची. धनराजनं सगळे पुसून दिले. निघताना पुढची जागा हलली. जाई सीटवर चढून केदारशेजारी बसली होती.

“तू मागे बस.”

“नाही. पप्पा, एकनंतर काय?”

“दोन. काय झालं गं?”

“दोननंतर?”

“तीन.”

“तीननंतर?” जाईला पाढे येत नव्हते. तिला आकडेच येत होते, तेही वीसपर्यंत. “ऋजुताताईनं सांगितलंय, मी नसले की तू विचारत राहायचं. पप्पा बोलायचे थांबले की आपण सगळे मरणार आहोत.”

तिनं हे गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग पुन्हा विचारलं, “तीननंतर काय?”

धनराजनं गाडी कडेला घेतली. बोगदा समोर दिसत होता. त्यानं किल्ली काढली आणि मुठीत धरून बसला. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, घर आलं नाही अजून.” उन्हानं पत्रा तापला होता. त्यानं सोमनाथला फोन लावला.

“कुठंयस?”

“टपरीवर. का रे?”

“रिक्षा करून ये. बोगद्याच्या अलीकडे आहे. मुलं घरी सोडायची.”

“पंक्चर?”

“नाही. मला चालवता येत नाही.”

सोमनाथनं पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. तो येईपर्यंत धनराज दाराशी उभा राहिला. आयांचे फोन आले. त्यानं सगळ्यांना उशीर होईल एवढंच सांगितलं.

चारला छाया आली. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं ओट्यावर ठेवली होती. तिनं उभ्यानंच वाचली.

“तारीख कधीची आहे ही?”

तो ओटा पुसू लागला.

“गाडीला हात लावू नका, असं म्हणाल्या होत्या?”

“हो.”

“जाई होती गाडीत.”

“हो.”

“केदार होता. लोकांची पोरं होती. माझ्या ओढणीनं बांधून नेत होतात त्याला.” ती खाली बसली. आवाज चढला नव्हता. “रात्री तुमचा श्वास थांबतो ना, तेव्हा मी जागी असते. मोजत बसते, कधी येतो म्हणून. मला वाटायचं, मलाच वेड लागलंय.”

जाईला वाटलं, आता आपणही काही सांगावं. “आणि पप्पा सगळ्यांचे डबे खातात,” ती म्हणाली. “आज सहा खाल्ले.”

छायानं मान वर केली. “रोज?”

“टाकून द्यायचे का मग?” धनराज म्हणाला.

“आणि मी काकडी चिरत बसले.” तिला हसू आलं, मधेच तुटलं आणि तिनं ओढणी तोंडाशी धरली.

आयांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर दोघांनी मिळून लिहिला. छायानं एकही शब्द गोड करू दिला नाही: मला गाडी चालवताना झोप लागते, डॉक्टरांनी मनाई केली आहे, यापुढे सोमनाथ मोरे व्हॅन चालवतील, मुलांचे उरलेले डबे मी खात होतो, ते आता घरी येतील. दोन घरांनी लगेच कळवलं की आमचं मूल येणार नाही. एकीनं विचारलं की सोयाबीनची भाजीही तुम्हीच खात होता का. ऋजुताच्या आईनं फोन केला.

“तिनं मला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, काहीतरीच बोलते ही.”

“नाही ताई. बरोबर बोलत होती.”

“ताप उतरलाय तिचा. उद्या येईल म्हणते. पुढेच बसणार म्हणते.”

झोपेच्या तपासणीची वेळ सोमवारची मिळाली. सातपूरचा मालही आता सोमनाथच पोचवणार, कमाई निम्मी निम्मी. म्हणजे धनराजची सकाळ रिकामी झाली. अर्धा तास शोधत होता, त्याला आख्खे पाच तास मिळाले. केदारला घेऊन पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं, असं छायानं ठरवून टाकलं. जाई व्हॅननंच जाणार, दुसऱ्याच्या हातातल्या. सोमनाथला रात्री झोप लागते का, हे धनराजनं त्याला फोन करून दोनदा विचारलं.

उरू नये म्हणून जाईच्या डब्यात उद्या दोनऐवजी एकच पोळी आहे. व्हॅन सहा चाळीसला राजीवनगरच्या कोपऱ्यावरून निघेल. चालवायला सोमनाथ असेल.