शनिवारचा धूर

लेम्पी ओयाला हिला सगळी काउंटी, म्हणजे आपल्याकडचा तालुकाच, तोंडपाठ होती. त्यात कौतुक ते काय म्हणा! माणसं जेमतेम दोन हजार, बाकी सगळं जंगल, आणि जंगल संपलं की सरोवर. एकवीस वर्षं ती काठच्या रस्त्यावर बर्फ ढकलायची गाडी चालवत होती. कुणाची कुत्री व्याली, कुणाकडे पाहुणे आले, हे तिला काचेतूनच कळायचं. सरकारी शिरगणती दहा वर्षांनी, लेम्पीची दर शनिवारी.

कारण शनिवारी दुपारी घरोघरी परसातला सौना तापतो. वाफेत बसून आठवड्याचा मळ काढणं कुणी चुकवत नाही. लेम्पी धुराडी मोजत जायची. सगळ्यांत शेवटचं, वळणावरचं धुराडं उर्हो माट्टिलाचं. वय चौऱ्याऐंशी, एकटा आणि महाहेकट. पण लेम्पीचा नवरा गेला त्या हिवाळ्यात दारात सरपण टाकून न बोलता निघून जाणारा हाच. तिचा भारी जीव होता म्हाताऱ्यावर.

त्या शनिवारी उर्होकडे धूर नव्हता.

लेम्पीने करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्यातच सोडून ती गुडघाभर बर्फातून धावली आणि सौन्याचं दार ढकललं. आत उर्हो फळीवर बसलेला, लालबुंद, अंगावर एक टोपी सोडली तर काही नाही.

"दार लाव आधी! वाफ चाललीय सगळी!"

"अहो, जिवंत आहात होय?"

"दिसत नाही? अजून काय दाखवायचं राहिलंय?"

"धूर कुठाय तुमचा?"

"पोरीनं विजेची शेगडी पाठवलीय. या वयात लाकडं फोडू नका म्हणे."

"मग सांगायचं नाही का कुणाला?" लेम्पीला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला? मेलो नाही मी."

"म्हणूनच रडतेय!" तिने दार धाडकन आपटलं.

आठवडाभर ती गावच्या दुकानात भेटेल त्याच्याजवळ त्या शेगडीला शिव्या घालत होती. आता त्या वळणावर तिने बघायचं तरी काय?

पुढच्या शनिवारी वळणावरूनच धूर दिसला, चांगला दाट. परसात तेलाचं जुनं पिंप पेटवलेलं, आणि कानापर्यंत कोट ओढून उर्हो त्यात बर्चच्या लाकडाच्या ढलप्या टाकत होता. लेम्पीने काच खाली केली.

"शेगडी बिघडली वाटतं?"

"छे. आंघोळ मघाशीच झाली, विजेवर."

"मग ही लाकडं कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," म्हातारा म्हणाला आणि आणखी एक ढलपी टाकली. "जा आता, रस्ता साफ कर."