पैलवानांचं रक्त

आमच्या थोरल्या दिरांना ऑफिसात सगळे पैलवान म्हणत. दंडबैठका त्यांनी जन्मात मारल्या नव्हत्या. एक मजला चढले की कठडा धरून आधी श्वास शोधायचे, मग खिशातली किल्ली. पण दरवर्षी साहेबांच्या खोलीबाहेर ‘सर्वांत निरोगी कर्मचारी’ म्हणून फोटो लागायचा तो त्यांचाच.

त्यातली मेख घरात सगळ्यांना ठाऊक. ऑफिसच्या वार्षिक तपासणीसाठी रक्त न्यायला माणूस घरी येई. त्या सकाळी भाऊजी बाथरूममध्ये, आणि बाही सरसावून खुर्चीत आमचे हे. यांची साखर सरळमार्गी, भाऊजींची बोलायची सोय नाही.

“अरे, एका आईची लेकरं आपण. तुझं रक्त काय, माझं काय!” भाऊजी म्हणत. थोरल्या भावाला नाही म्हणणं यांच्या जिभेला जमतच नाही.

यंदा लॅबवाल्यांनी नवा संगणक आणला. हजारो रोग्यांच्या तपासण्यांवर शिकून तयार झालेला. नुसतं पास-नापास न करता तो मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघतो. भाऊजींच्या नावापुढे त्यानं खूण केली. हिमोग्लोबिन मर्यादेत आहे, पण वर्षागणिक उतरतंय, तांबड्या पेशी बारीक होताहेत. आतड्यात कॅन्सर नाही ना, हे दुर्बिणीनं बघून घ्या.

पैलवानांच्या तोंडचं पाणी पळालं. कॅन्सरचं नाव ऐकल्यावर बाकी काही कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एरवी माझ्या पूजेला हसणारे भाऊजी दारात येऊन म्हणाले, “तुझी देवाशी ओळख आहे. एक शब्द टाक माझ्यासाठी.”

दुर्बीण घातली. आतडं स्वच्छ निघालं. संध्याकाळी भाऊजी पाय पसरून बसले. “यंत्राला अक्कल असती तर मला आजारी म्हणालं असतं का?” सगळे हसले. हेही हसले. हसता हसता यांना धाप लागली. ओठ पांढुरके दिसत होते.

“भाऊजी, रक्त कुणाचं होतं?” मी विचारलं.

जाऊबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली.

“आता ते कशाला उकरायचं?” भाऊजी म्हणाले. “संगणक चुकला, विषय संपला.”

“संगणक नाही चुकला. दुर्बीण भलत्याच पोटात गेली.”

“जाऊ दे ना,” हे पुटपुटले. “दादाचा फोटो उतरवतील गं.”

“उतरवू देत. तुमचा लावायची पाळी येण्यापेक्षा बरं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे भाऊजी खाकरले. “नळ्यांची अदलाबदल झाली असेल. हल्ली लोकांचं कामात लक्ष नसतं.” मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. होतं ते सगळं सांगून टाकलं.

यांच्या आतड्यात गाठ निघाली. अगदी सुरुवातीची. ऑपरेशन झालं, पुढचा धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. मी देवाला हात जोडले. संगणकाचेही आभार मानले. देवाला कुणाकडूनही काम करून घेता येतं.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांचं स्वागत मात्र भाऊजीच करत. “माझ्याच रिपोर्टात सापडलं बरं का! मी तपासणी कधी चुकवत नाही, म्हणून हा वाचला.”

एकदा डॉक्टर मागेच उभे होते. “वा! मग तुमचंही रक्त घेऊन टाकू,” म्हणत त्यांनी नर्सला खूण केली.

भाऊजी ताडकन उठले. “औषधं आणायची राहिलीत.”

जाऊबाईंनी दार लोटलं, खुर्ची ओढून दाराला टेकवली आणि तिच्यावर ठिय्या मारून बसल्या.