मास्तरांची उतारू पेशी

कोंबडीचं अंडं बघून ज्याच्या तोंडाला पाणी न सुटता डोळ्यांत पाणी यायचं, असा माणूस उभ्या बेळगावात एकच होता, आणि तो आमच्या शाळेत सायन्स शिकवायचा. जन्मात मास्तरांनी अंडं तोंडात घातलं नाही. पण खासबागेतल्या सोवळ्या घरमालकाने नुसती पिशवीतली अंडी बघून त्यांना खोली सोडायला लावली, आणि त्यांची अंडी उबवणारी खुडूक कोंबडी थेट प्रयोगशाळेच्या कपाटात येऊन बसली. हिंडलग्याची अंडीवाली आक्का वैतागायची. "मास्तर, तीन दिस उबवून अंडं फोडतासा? त्यापरास खावा तरी!" एकदा शाळातपासनीस आले, तर "साहेब, अंड्याला अजून बावन्न तास झाले न्हाईत, वाईच थांबा," असं सांगून मास्तरांनी त्यांना व्हरांड्यात बसवलं होतं.

हा सगळा खटाटोप एका पेशीसाठी. पुढच्या पिढीचं बीज ज्या पेशींतून होतं, त्या अंड्यातल्या पिल्लाच्या अंगात जन्मतच नाहीत. डोक्याच्या पुढे, अंगाबाहेर उपजतात, रक्तात शिरून वाहत जातात आणि पुढे जिथे बीजकोश व्हायचा, नेमक्या त्या जागी बाहेर पडतात, असं त्यांनी वाचलं होतं. "गुंजी ठेसन आलं काय, हे मला गाडीत दोनदा इचारावं लागतं. ह्यास्नी कोण सांगतंय रं?" असं ते मला विचारायचे. मी ड्रॉइंगमास्तर. रक्तवाहिनीतून बाहेर पडताना सापडलेली एक तरी पेशी स्वतः बघायची आणि माझ्याकडून तिचं चित्र काढून घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. अकरा वर्षं ते पिल्लांचे पातळ काप करून रंगवत बसले. पेशी कधी वाहिनीत दिसायची, कधी मुक्कामाला पोचलेली. उंबऱ्यावर कधीच नाही.

मग मोतीबिंदू वाढला. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी शेवटची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला बसवलं. "बघ. उतरतीया काय?"

मी पुष्कळ वेळ बघितलं. तसलं काही नव्हतं. मान वर केली, तर म्हातारा हात जोडून उभा. न बघितलेली वस्तू बघितली म्हणून मी कधी काढली नव्हती. त्या दिवशी काढली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

कागद नाकाशी धरून ते कितीतरी वेळ न्याहाळत होते. "व्हय, असंच असणार," एवढंच म्हणाले.

ते चित्र त्यांनी चौकटीत घालून बैठकीत टांगलं. मी त्यांच्या घरी गेलो की येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "मला न्हाय दिसलं, पर ह्यानं डोळ्यांनी बघितलंय." मी बशीत चहा ओतत राहायचो. खरं सांगायचा धीर मला झाला नाही, आणि आता सांगितलं तरी ऐकायला ते नाहीत.