अठरा अंश

मास्तर कपडे शिवायचे आणि त्यांची बायको घरी बियर करायची. शेजाऱ्यांना याची भारी गंमत वाटायची, कारण मास्तर स्वतः थेंबालाही शिवत नसत. बायकोची सगळी नोकरी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रक्ताचे नमुने ठरावीक गारव्यात सांभाळता सांभाळता तिला तापमानाचं वेडच लागलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने मागच्या खोलीतला जुना फ्रिज ताब्यात घेतला, त्याला बाहेरून थर्मोस्टॅट जोडला आणि वर्षातून तीन-चारदा त्यात वीस लिटरची बरणी आंबवायला ठेवू लागली. बाटल्या मैत्रिणींना वाटायची, स्वतः अर्धा पेला घ्यायची आणि चवीपेक्षा आकड्यांबद्दलच जास्त बोलायची.

शेवटची बरणी ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. फुप्फुसांत पाणी झालं होतं. दवाखान्यात नेताना जिन्यात दम खात तिने बजावलं,

"अहो, पहिला आठवडा महत्त्वाचा. अठरावर ठेवायचं. यीस्ट कामाला लागलं की बरणी आतून तापते, म्हणून सेन्सर बरणीच्या अंगालाच चिकटवलेला राहू दे. हवेत लोंबकळला तर खोटं सांगतो. आणि सारखं दार उघडून बघू नका."

"बरं बाई. आधी पायरी बघ."

रोज दुपारी मास्तर दुकान बंद करून तिच्याकडे जायचे. ती नाकावरची नळी सारखी करत पहिलं तेच विचारायची, "आकडा?"

पहिले दोन दिवस त्यांनी खरं सांगितलं. अठरा पॉइंट दोन. सतरा पॉइंट नऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर फ्रिजची घरघर बंद आणि आकडा सत्तावीस. मेकॅनिक म्हणाला, परवा येतो. मास्तरांनी बरणीला ओल्या चादरी गुंडाळल्या, भोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या. आकडा चौदावर घसरला, मग परत चोवीसवर चढला. त्यांचं शिलाईत लक्ष लागेना.

त्याच दुपारी डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं की आता फार आशा धरू नका. ते आत आले तेव्हा ती वाटच बघत होती.

"आकडा?"

"अठरा."

"छान," म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पुढे फ्रिज दुरुस्त झाला, पण तोवर बरणीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मास्तर रोज अठराच सांगत राहिले. आठ दिवस. नवव्या दिवशी विचारायला ती राहिली नाही.

तिच्या वहीत लिहिलं होतं तसं मास्तरांनी सगळं बाटल्यांत भरलं. महिन्याभराने तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण भेटायला आली, तेव्हा एक बाटली उघडली. तिने घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. तिने काही विचारायच्या आत मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. फ्रिज, चादरी, बर्फ, आणि ते रोजचं अठरा.

"शेवटपर्यंत खोटं बोललो तिच्याशी," ते म्हणाले.

मैत्रीण म्हणाली, "तिला कळलं होतं, मास्तर. मी दवाखान्यात बघायला गेले तेव्हा मला म्हणाली, आकडा एक पॉइंटसुद्धा हलत नाही, असा फ्रिज कुठे असतो का? नक्की बिघडलाय."

"मग मला काही बोलली कशी नाही?"

"म्हणाली, बिचारे दारातून येतानाच आकडा घोकत येतात. सांगून झालं की माझा हात धरून बसतात. बसू दे."

मास्तर उठून मागच्या खोलीत गेले. ती गेल्यापासून लोक येत-जात होते, आणि कुणी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मैत्रिणीने दाराशी जाऊन पाहिलं आणि तशीच परत फिरून स्वयंपाकघरात बसून राहिली.

नंतर दोघांनी मिळून सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. खोलीभर आंबूस वास पसरला. मैत्रीण विसळत होती आणि मास्तर एकेक बाटली पुसून ओळीने उपडी ठेवत होते.