बारा चित्रांत पडलेला पाना

जिबेकची नोकरी जाणार, ही धास्ती अनारकुलच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. मुलगी काराकोलच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची, पण कसं, तर वर्गात सिनेमा लावून. नाहीतर एखाद्या साहसकथेचं पान वाचायची आणि विचारायची, "या थंडीत हा माणूस खरंच रात्र काढेल? गणित मांडा." शेवटी विभागाचं पत्र आलं: गुरुवारी समिती वर्गात बसेल, मग पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं बघू. त्याच दिवशी अनारकुलने बिश्केकच्या सादातला, आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, परस्पर कळवून टाकलं, की जिबेक तुझ्या औषधांच्या गोदामात कामाला येईल, सोमवारी पाठवते. जिबेकला याचा पत्ता नव्हता.

गुरुवारी अनारकुल बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन वर्गात हजर झाली.

"आई, हे काय?" जिबेकने विचारलं.

"गरम आहेत. समितीला दे. पोट भरलं की माणूस कमी चिडतो."

"आई, ते परीक्षा घ्यायला आलेत, सोयरीक जुळवायला नाही." जिबेकने पिशवी टेबलावर ठेवली.

समितीचे प्रमुख, म्हातारे काचकिनबाय, ज्यांना सगळे आगाय म्हणजे गुरुजी म्हणत, दारातच थांबले. "तिकिटं कुठे फाडतात?"

मुलं हसली. 

सिनेमा साठ वर्षांपूर्वीचा होता. ज्या देशाने तो काढला तो आता नकाशावर नाही, आणि त्यातला नट अनारकुल शाळेत असतानाच वारला होता. पडद्यावर तो चंद्रावर उभा होता. त्याच्या हातातून लोखंडी पाना सुटला आणि जमिनीवर पडला.

"सेकंदाला चोवीस चित्रं," जिबेक म्हणाली. "पाना सव्वा मीटर खाली आला. मोजा."

एकेक चित्र पुढे सरकू लागलं. सगळा वर्ग एका सुरात मोजत होता. बाराला पाना टेकला.

"खऱ्या चंद्रावर?"

"जवळजवळ तीस," पहिल्या बाकावरची मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली.

"म्हणजे खोटं पकडलंत," काचकिनबाय म्हणाले. "बरं, मग?"

"मग इथेच टाकून बघू, आगाय." जिबेकने फोनचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रांवर लावला. मोजपट्टी धरून उभ्या राहिलेल्या एका मुलीने समोरच्या पिशवीतला एक बोरसोक उचलला.

"ठेव तो," म्हातारा खेकसला. "अन्न जमिनीवर टाकतेस? घरी हेच शिकवलं?" आणि खिशातला जाड किल्ल्यांचा जुडगा काढून स्वतःच सव्वा मीटरवर धरला. सोडला. मग चष्मा कपाळावर सारून फोनशी वाकला आणि स्वतःच्या बोटाने एकेक चित्र सरकवत मोजू लागला.

बारा.

त्याने पुन्हा मोजलं. बाराच.

अनारकुल पडद्यावरच्या नटाकडे बघत राहिली. त्याने सगळ्यांना चंद्रावर असल्याचं पटवलं होतं, पण पाना मात्र त्याच्या हातून काराकोलच्या किल्ल्यांसारखाच पडला होता. तो नट गेला, तो देश गेला, पृथ्वीची ओढ तेवढीच राहिली. तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, जन्मभर औषधं तोलली होती, हातातून किती वाट्या निसटल्या होत्या. त्या पडण्यात एवढं काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि कुणी दाखवलंही नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला.

काचकिनबाय किल्ल्या खिशात टाकून खाली बसले. "निर्णय पुढच्या आठवड्यात कळवू," ते रुक्षपणे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुढचं लाव."

काय ठरेल कोण जाणे. धास्ती होती तिथेच होती. सादात चिडणार, वर्षभर बोलणार नाही कदाचित. पण सोमवारी मुलगी येणार नाही हे आजच सांगायला हवं होतं. अनारकुल हळूच बाहेर आली आणि तिने सादातचा नंबर लावला.