बदललेली किल्ली

वसंता, माझा शाळेपासूनचा मित्र, जाऊन वर्ष झालं. तरी अधूनमधून मी फोनवर त्याचं चॅट उघडतो. आज तिथे एक बारीक ओळ दिसली: ‘सुरक्षा कोड बदलला आहे.’

भाची शेजारीच चहा पीत होती. तिला विचारलं.

“मामा, मेसेज निघतानाच कुलूपबंद होतो. किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते, मधल्या कोणाला वाचता येत नाही. कोड बदलला म्हणजे तिकडे नवी किल्ली आली. त्यांचा नंबर आता दुसऱ्या कोणाला मिळाला असेल.”

“आणि वसंताची किल्ली?”

“ती त्यांच्या फोनबरोबरच गेली.”

त्या ओळीच्या वर त्याचा शेवटचा मेसेज होता. ‘पेरू पिकलेत. ये एकदा.’ मी तो त्याच दिवशी वाचला होता. निवांत उत्तर लिहू म्हणून ठेवून दिला. तेव्हा किल्ली त्याच्याच हातात होती आणि आमच्या मध्ये खरंच कोणी नव्हतं, फक्त माझा आळस होता.

आता ‘येतो रे’ असं लिहिलं तर वाटेत कोणाच्याही नजरेस न पडता ते सुखरूप पोहोचेल. आणि तिकडून कोणीतरी विचारेल, ‘आपण कोण?’