काचेआडची खोली

रॅम्प समोरून नको, बाजूने घेऊ, असं मी ठामपणे सांगितलं आणि मुकादम चाचांनी मान डोलावली. चाचा म्हणजे अंधेरीतल्या त्या छोट्या मशिदीचे ट्रस्टी, मूळचे रत्नागिरीकडचे. दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. मी आर्किटेक्ट.

हिशेब सरळ होता. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, नाहीतर व्हीलचेअर मागे घसरते. समोर जागा नऊच फूट, कारण पुढे वझूचे नळ. वझू म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं. बाजूला चपला ठेवायची खोली होती. तिथे मी रॅम्प नेला, खोली आणि नमाजाची जागा यांच्यामध्ये मोठी काच लावली, स्पीकर बसवला. व्हीलचेअरवाल्यांसाठी खास जागा. बाहेरून आलेली मळकी चाकं नमाजाच्या जाजमावर चालणार नाहीत, हेही मीच ठरवून टाकलं होतं.

चाचा एवढंच म्हणाले होते, "मॅडम, एकदा यूसुफला विचारा ना."

यूसुफभाई म्हणजे गल्लीतले टेलर. पडल्यापासून कमरेखाली ताकद नव्हती, व्हीलचेअरवर असायचे. मी म्हटलं, चाचा, मी हॉस्पिटलं केलीत, मला काय विचारायला सांगता. शिकलेली बाई म्हणून त्यांनी ऐकलं.

काम झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी मुद्दाम गेले. कौतुक ऐकायला, खोटं कशाला बोलू? नमाज संपल्यावर यूसुफभाई रॅम्पवरून एकटेच खाली आले. मी विचारलं, काचेतून सगळं नीट दिसतं ना?

"दिसतं की. आधी चार जण उचलून आत न्यायचे, मॅडम. लाज वाटायची. पण रांगेत असायचो, बाजूच्याचा खांदा लागायचा. आता रॅम्प झालाय, म्हणून उचलायला कोण येत नाही."

मी चाकांचं काय, असं काहीतरी पुटपुटले. शेजारी मौलवीसाहेब उभे होते. म्हणाले, ओल्या फडक्याने पुसायची, झालं. मग त्यांनी कुराणातली गोष्ट सांगितली. पैगंबरसाहेब बड्या लोकांशी बोलत होते, तेव्हा एक अंध माणूस काही विचारायला आला आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यावर अल्लाहने खुद्द त्यांनाच टोकलं. मौलवीसाहेब मला बोलत नव्हते, पण मला ते लागलं.

घरी येऊन ड्रॉइंग काढलं. नळ पलीकडच्या भिंतीला नेले की समोर चौदा फूट मिळत होते. आधीच मिळाले असते. मी बघितलंच नव्हतं.

परवानग्या, प्लंबर, मध्ये रमजान. चार महिने गेले. यूसुफभाईंनी तोवर येणंच सोडलं होतं. "घरीच पढतो," म्हणायचे. नवा रॅम्प झाला त्या दिवशी चाचा त्यांना आणायला गेले आणि एकटेच परत आले. एकाच जागी बसून कमरेखाली जखमा झाल्या होत्या, डॉक्टरांनी बसायला बंदी केली होती. त्यानंतर यूसुफभाई खुर्चीत बसलेच नाहीत. थंडीत गेले.

चाचांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या काचेच्या खोलीत आता परत चपला असतात. आणि मी कुठलंही काम घेताना आधी तिथल्या व्हीलचेअरवरच्या माणसाचा फोन नंबर मागते, मगच मोजायची टेप काढते.